बेट एवढंसं, पण समुद्र महाराष्ट्राहून मोठा : अंदमान-निकोबारची खरी किंमत कशात आहे?

पूर्णा म्हटलं की लोकांना आठवतं ते रेल्वे जंक्शन. परभणीहून नांदेडकडे जाताना इथूनच हिंगोली, वाशीम, अकोल्याचा फाटा फुटतो. समुद्र इथून कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब आहे. पूर्णा नदीचं पाणी मात्र समुद्रापर्यंत पोचतं. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं ओलांडून पुढे गोदावरीला मिळते. गोदावरी नांदेड, तेलंगण, आंध्र असा प्रवास करत बंगालच्या उपसागरात उतरते. तिच्या मुखाच्या पट्ट्यातलं मोठं बंदर म्हणजे काकीनाडा.

२०२५ मध्ये अंदमानच्या समुद्रातून गॅसचे नमुने जहाजानं आणले गेले ते याच काकीनाड्याला. तपासणी झाली आणि २६ सप्टेंबर २०२५ ला केंद्रीय पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी जाहीर केलं की अंदमानजवळ नैसर्गिक वायू सापडलाय. त्यानंतर मोबाईलवर काय सुरू झालं ते आठवत असेल. 'भारताला खजिना सापडला', 'आता आखाती देशांची गरज संपली', 'चीनची मान आपल्या हातात'. रील्स, फॉरवर्ड, नकाशे, लाल बाण, सगळं झालं.

यातलं काही खरं आहे, काही अर्धवट आहे आणि काही निव्वळ हवा आहे. मुख्य भूमीपासून हजारभर किलोमीटर लांब असलेल्या बेटांसाठी देश एवढे पैसे का ओततात, आणि त्या बेटांवर राहणाऱ्यांना त्याचा काय हिशोब द्यावा लागतो, हे यानिमित्तानं नीट समजून घेऊ.

आधी गॅसचं काय ते बघू

विहिरीचं नाव आहे श्री विजयपुरम-२. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये बदलून श्री विजयपुरम करण्यात आलं, तेच नाव विहिरीलाही आहे. सरकारी कंपनी ऑइल इंडियानं ती खोदली. अंदमानच्या पूर्व किनाऱ्यापासून ती साधारण १७ किलोमीटरवर आहे. तिथं पाण्याची खोली २९५ मीटर आणि खोदकामाचं लक्ष्य २,६५० मीटर. २,२०० मीटरच्या थोडं खाली चाचणी घेतली तेव्हा गॅस आला, अधूनमधून ज्योतही पेटली. नमुन्यात ८७ टक्के मिथेन निघाला. मिथेन म्हणजे रिक्षात भरतात त्या सीएनजीतला मुख्य घटक.

हा गॅस तिथं असणं भूगर्भशास्त्रज्ञांना आश्चर्याचं नव्हतं. अंदमान, निकोबार आणि इंडोनेशियाचं सुमात्रा एकाच भूगर्भीय पट्ट्यावर बसलेत. याच पट्ट्यात उत्तरेला म्यानमारच्या समुद्रातून गॅस निघतो आणि पाइपलाइननं थायलंडला जातो. दक्षिणेला सुमात्राच्या अरुण क्षेत्रातून १९७० च्या दशकापासून द्रवरूप गॅस जहाजांनी बाहेर गेला. डिसेंबर २०२३ मध्ये तर भारताच्या सागरी हद्दीपलीकडे, इंडोनेशियाच्या 'साउथ अंदमान' नावाच्या पट्ट्यात, लायारान हा मोठा साठा सापडला. वर सापडतोय, खाली सापडतोय, मग मधेच का नसेल, असा सरळ प्रश्न होता. उत्तर इतकी वर्षं मिळालं नाही, कारण इथल्या समुद्राचा बराच भाग संरक्षणाच्या कारणानं तेल कंपन्यांसाठी बंद होता. २०२२ मध्ये देशभरातलं असं सुमारे १० लाख चौरस किलोमीटर समुद्री क्षेत्र खुलं करण्यात आलं.

आता गंमत इथं आहे. 'गॅस आढळला' आणि 'गॅसचा साठा मिळाला' ही दोन वेगवेगळी वाक्यं आहेत. विहीर खणली, ओल लागली, म्हणून बागायत झाली असं होत नाही, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. किती गॅस आहे, दाब किती आहे, तो किती वर्षं टिकेल, यासाठी आजूबाजूला आणखी विहिरी खोदाव्या लागतात. पुरी यांनी जून २०२५ मध्ये अंदमानची तुलना गयानाशी केली होती. दक्षिण अमेरिकेतल्या या छोट्या देशाचं नशीब समुद्रातल्या तेलानं पालटलं. पण ती तुलना एक शक्यता होती. ८७ टक्के हा आकडा गॅसची जात सांगतो, किती गॅस आहे ते सांगत नाही. रील्समध्ये या दोन गोष्टींची सर्रास गल्लत झालीये.

भारताकडे दोन्ही प्रकारचे अनुभव आहेत. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर 'सागर सम्राट' या जहाजानं फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल शोधलं आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. ते बॉम्बे हाय. सव्वादोन वर्षांत काम फत्ते, आणि पुढची कित्येक दशकं देशातलं सर्वांत मोठं तेलक्षेत्र.

दुसरा अनुभव पूर्णेच्याच पाण्याच्या शेवटाला आहे. कृष्णा आणि गोदावरीनं कोट्यवधी वर्षं वाहून नेलेल्या गाळाच्या थरांनी कृष्णा-गोदावरी खोरं बनलं. तिथं २००२ मध्ये रिलायन्सला डी-६ पट्ट्यात गॅस सापडला, एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं, २०१० मध्ये ते दिवसाला ६ कोटी घनमीटरच्या घरात गेलं. सांगितलं होतं ८ कोटी. तिथवर ते कधी पोचलंच नाही. उलट पुढच्या काही वर्षांत जे कोसळलं त्यानं गॅसच्या भरवशावर उभी राहिलेली वीज केंद्रं बंद पडली. पुढे त्याच पट्ट्यात नव्या विहिरींतून उत्पादन सावरलं, पण पहिल्या घोषणा आणि प्रत्यक्ष यात किती अंतर पडू शकतं हे तेव्हा दिसलं.

अंदमानच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, तिच्यावर फार कमी लोक बोलतात. गॅस निघाला तर घेणार कोण?

अंदमान-निकोबारचं क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर, म्हणजे परभणी जिल्ह्याहून जास्त. पण २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या होती ३ लाख ८० हजार. परभणी जिल्ह्याची त्याच वेळी १८ लाख ३६ हजार. एवढ्या लोकांना पुरवायला समुद्रातून गॅस काढणं परवडत नाही. बाहेर न्यायचा तर चेन्नई हजार किलोमीटरहून जास्त लांब, मधे खोल समुद्र. पाइप टाकायचा किंवा गॅस थंड करून द्रवरूपात जहाजानं न्यायचा, दोन्ही प्रकारांत पैसा प्रचंड. म्हणजे साठा मोठा असेल तरच गणित जमणार. मध्यम साठा सापडला तर तो तिथंच राहू शकतो.

आणि ज्या बेटांच्या शेजारी हा गॅस सापडलाय त्यांची वीज आजही मुख्यतः डिझेल जनरेटरवर चालते. ते डिझेल मुख्य भूमीवरून जहाजानं येतं. उत्तर अंदमानात कल्पाँग नावाचा एक जलविद्युत प्रकल्प आहे, क्षमता सव्वापाच मेगावॅट. तुलनेसाठी, पूर्णा नदीवरच्या येलदरीची क्षमता साडेबावीस मेगावॅट. दक्षिण अंदमानात २०२० मध्ये बॅटरीसह २० मेगावॅटचा सौरप्रकल्प सुरू झाला. बाकी भिस्त डिझेलवर. त्यामुळे 'अंदमानचा गॅस देशाला तारणार' या बातमीआधी 'अंदमानचा गॅस अंदमानचं डिझेल वाचवणार का' हा प्रश्न जास्त जवळचा आहे.

बेटाची किंमत जमिनीत मोजायचीच नाही

मग गॅसचं नक्की नसतानाही या बेटांना एवढं महत्त्व का? उत्तर समुद्राच्या कायद्यात आहे.

१९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारानुसार प्रत्येक देशाला आपल्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे साधारण ३७० किलोमीटरपर्यंतच्या समुद्रातल्या साधनसंपत्तीवर हक्क मिळतो. मासे, तेल, वायू, तळाची खनिजं, वाऱ्यापासून वीज, सगळं आलं. याला अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणतात. भारतानं तर हे स्वतःच्या कायद्यात १९७६ सालीच लिहून ठेवलं होतं.

आता एक साधं गणित करा. भर समुद्रात एक छोटं बेट आहे, आजूबाजूला दुसरा देश नाही. त्याच्याभोवती ३७० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. क्षेत्रफळ येतं सुमारे ४ लाख ३० हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार. म्हणजे गावाएवढं बेट ज्याच्या नावावर, त्याच्या हातात महाराष्ट्राच्या जवळपास दीडपट समुद्र.

अंदमान-निकोबारला पूर्ण वर्तुळ मिळत नाही, कारण पूर्वेला म्यानमार, थायलंड आणि दक्षिणेला इंडोनेशिया आहेत, त्यांच्याशी हद्दी वाटून घेतल्यात. तरीही या बेटांमुळे भारताला सुमारे ६ लाख चौरस किलोमीटर समुद्र मिळतो. देशाच्या एकूण अनन्य आर्थिक क्षेत्राचा हा जवळपास तीस टक्के भाग. जमीन देशाच्या पाव टक्का, समुद्र तीस टक्के. सगळं राजकारण या दोन आकड्यांतल्या फरकावर चालतं.

फ्रान्स बघा. युरोपातला तो देश, पण जगातल्या सर्वांत मोठ्या सागरी क्षेत्रांच्या यादीत अमेरिकेच्या पाठोपाठ त्याचा नंबर, सुमारे १ कोटी चौरस किलोमीटर. कारण प्रशांत महासागरात, हिंदी महासागरात, कॅरिबियनमध्ये विखुरलेली त्याची जुनी बेटं. जपानची गोष्ट तर भारीच आहे. टोकियोपासून १,७०० किलोमीटरवर ओकिनोतोरीशिमा नावाचे खडक आहेत. भरतीच्या वेळी त्यांचा जो भाग पाण्यावर राहतो तो एखाद्या खोलीएवढा. ते झिजून बुडू नयेत म्हणून जपाननं त्यांच्याभोवती काँक्रीटची तटबंदी बांधलीये. चीन म्हणतो हे बेट नाही, खडक आहे. वाद शब्दाचा वाटतो, पण कायद्यात जिथं माणूस राहू शकत नाही किंवा ज्याचं स्वतःचं अर्थकारण नाही अशा खडकाला २०० मैलांचं क्षेत्र मिळत नाही. त्यामुळे काही फुटांच्या दगडावर शेकडो किलोमीटर समुद्र अडकून पडलाय.

जंक्शनचं महत्त्व

दुसरी किंमत आहे रस्त्याची. पूर्णा हे काही पुणे-नागपूर नाही, पण रेल्वेच्या नकाशावर त्याला वजन आहे, कारण मार्ग तिथं फुटतात. ग्रेट निकोबारचं तसंच आहे. निकोबारमधलं हे सर्वांत दक्षिणेकडचं बेट. त्याचं टोक म्हणजे इंदिरा पॉइंट, भारताचं सर्वांत दक्षिण टोक. तिथून सुमात्रा दीडशे-एकशेसाठ किलोमीटरवर. सुएझ किंवा आखातातून निघून चीन, जपान, कोरियाकडे जाणारी जहाजं श्रीलंकेच्या खालून येतात आणि याच फटीतून मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरतात. मलाक्कातून वर्षाला ऐंशी-नव्वद हजार जहाजं जातात आणि दिवसाला २ कोटी बॅरलहून जास्त तेल वाहून नेलं जातं. सिंगापूरजवळ ही वाट तीन किलोमीटरहूनही अरुंद होते.

चीनचं आयात तेल मोठ्या प्रमाणात इथूनच जातं. २००३ मध्ये तेव्हाचे चीनचे अध्यक्ष हू जिंताव यांनी या अवलंबित्वाची चिंता मांडली आणि 'मलाक्का पेच' हा शब्द जगभर रूढ झाला.

भारतानं ऑक्टोबर २००१ मध्ये पोर्ट ब्लेअरला अंदमान-निकोबार कमांड उभी केली. लष्कर, नौदल, हवाई दल तिन्ही एकाच प्रमुखाखाली असलेली देशातली ही पहिली कमांड. २०१२ मध्ये ग्रेट निकोबारच्या कॅम्पबेल बे इथं नौदलाचा 'आयएनएस बाझ' हा हवाई तळ सुरू झाला. या टोकावरून टेहळणी विमान उडवलं तर मलाक्काच्या तोंडावर पोचायला फार वेळ लागत नाही. मुख्य भूमीवरून उडवलं तर निम्मं इंधन जाण्या-येण्यातच.

आता तो लाडका फॉरवर्ड : 'भारतानं ठरवलं तर एका दिवसात मलाक्का बंद, चीन अंधारात.'

एवढं सोपं नाही. एक तर अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणजे मालकीची जागा नव्हे. तिथल्या माशांवर आणि तेलावर हक्क असतो, जाणाऱ्या जहाजावर नाही. देशाची खरी सागरी हद्द फक्त १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटर. त्यापलीकडे शांततेच्या काळात कोणाचंही व्यापारी जहाज अडवता येत नाही. मलाक्का स्वतः तर इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूरच्या दारात आहे. शिवाय याच वाटेनं जपान आणि कोरियाचं तेल जातं, म्हणजे मित्रांचंही. तेल चीनचं असलं तरी जहाज ग्रीक मालकाचं, झेंडा पनामाचा आणि विमा लंडनचा, असं सर्रास असतं. अडवायचं कोणाला? आणि मलाक्का बंद झालाच तर जहाजं सुंदा किंवा लोम्बोक सामुद्रधुनीनं वळसा घालतील. भाडं वाढेल, पुरवठा उशिरा पोचेल, पण थांबणार नाही. चीननं म्यानमारच्या चाउकप्यूपासून युन्नानपर्यंत गॅस आणि तेलाच्या पाइपलाइन टाकल्यात, रशिया आणि मध्य आशियातून वेगळ्या आहेत, साठेही करून ठेवलेत.

मग उपयोग काय? उपयोग आहे तो बघण्याचा. जंक्शनच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाची ताकद गाडी अडवण्यात नसते. कुठली गाडी कधी आली, कुठल्या रुळावर गेली, हे त्याला सगळ्यात आधी कळतं. कोणती युद्धनौका, कोणती पाणबुडी हिंदी महासागरात शिरली हे ग्रेट निकोबारवरून आधी कळू शकतं. युद्धाच्या वेळी नाकेबंदीची धमकी देता येते, आणि समोरच्याला ती गृहीत धरावी लागते. याला रीलमध्ये टाळ्या मिळत नाहीत, पण लष्करी हिशोबात याचंच मोल जास्त.

भारताच्या ऊर्जेबद्दल एक गोष्ट स्पष्ट हवी. देश वापरतो त्यातलं ८८ टक्क्यांच्या आसपास कच्चं तेल बाहेरून येतं, घरगुती गॅस सिलिंडरमधलाही निम्म्याहून जास्त गॅस आयातीचा. पण ही आयात मुख्यतः पश्चिमेकडून, अरबी समुद्रातून होते. होर्मुझमध्ये काही झालं तर पूर्णेतल्या सिलिंडरवर परिणाम होतो, मलाक्कात काही झालं तर तसा थेट होत नाही. अंदमान आपल्या तेलाची वाट राखत नाही. ते दुसऱ्यांच्या तेलाच्या वाटेवर उभं आहे.

बेटं रिकामी नसतात

नकाशावर ठिपका दिसतो म्हणून तिथं कोणी नसेल असं वाटतं. हिंदी महासागरातलं दिएगो गार्सिया हे त्याचं सगळ्यात कडू उदाहरण. १९६५ मध्ये ब्रिटननं चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली, मॉरिशसला स्वातंत्र्य दिलं ते १९६८ मध्ये. मधल्या आणि नंतरच्या काळात, १९६७ ते १९७३ दरम्यान, चागोसच्या दीड-दोन हजार रहिवाशांना हलवून मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडलं, कारण दिएगो गार्सियावर अमेरिकेला तळ हवा होता. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ही फाळणी बेकायदा असल्याचं मत दिलं. २२ मे २०२५ ला ब्रिटन आणि मॉरिशसनं करारावर सह्या केल्या : बेटं मॉरिशसची, दिएगो गार्सियाचा तळ मात्र ९९ वर्षं भाड्यानं ब्रिटनकडे, सरासरी वर्षाला १० कोटी १० लाख पौंड. ज्यांना हाकललं त्यांच्यातल्या अनेकांची तक्रार अशी की वाटाघाटीच्या टेबलावर आम्ही नव्हतोच.

मॉरिशस मराठी माणसाला परका नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीसाठी गेलेल्यांची पोरं-नातवंडं तिथं आहेत, शाळेत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. याच मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारतानं धावपट्टी आणि धक्का बांधून दिला, उद्घाटन झालं २९ फेब्रुवारी २०२४ ला. तिथं राहतात साधारण तीनशे लोक. धावपट्टी त्यांच्या सोयीसाठी आहे असं दोन्ही सरकारं म्हणतात. तीनशे लोकांना तीन किलोमीटरची धावपट्टी कशाला, हा प्रश्न तिथलेही विचारतात.

ग्रेट निकोबारवर माणसांची गुंतागुंत आणखी आहे, आणि तिच्यात मराठी धागाही आहे.

हे बेट ९०० चौरस किलोमीटरहून थोडं मोठं, बहुतेक सगळं घनदाट जंगल. आत शोम्पेन राहतात, शिकार आणि कंदमुळांवर जगणारे, २०११ च्या जनगणनेत २२९. किनाऱ्यावर निकोबारी राहत आले. १९६९ पासून सरकारनं इथं माजी सैनिकांची कुटुंबं वसवायला सुरुवात केली. दूरच्या बेटावर आपली माणसं असावीत, म्हणजे कोणी दावा सांगणार नाही, हा त्यामागचा विचार. १९८० पर्यंत सुमारे ३३० कुटुंबं आली. त्यात पंजाब, केरळ, तमिळनाडूबरोबर महाराष्ट्रातलीही होती. काळे पाणी म्हटलं की आपल्याला सेल्युलर जेल आणि सावरकर आठवतात, पण निवृत्तीनंतर स्वखुशीनं त्याच्याही पाचेकशे किलोमीटर दक्षिणेला जाऊन जंगल तोडून नारळ लावणारे मराठी जवान आठवत नाहीत. कॅम्पबेल बेच्या खाली पूर्व किनाऱ्यानं जाणाऱ्या रस्त्यावर गांधीनगर, शास्त्रीनगर अशी नावं असलेली गावं त्यांनीच वसवली.

२६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ भूकंप झाला आणि त्सुनामी आली. हा रस्ता आणि गावं धुऊन निघाली. इंदिरा पॉइंटची जमीनच सव्वाचार मीटरच्या आसपास खचली, दीपस्तंभाचा पाया पाण्यात गेला. पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या निकोबारींच्या वाड्या संपल्या. वाचलेल्यांना कॅम्पबेल बेजवळ राजीवनगरच्या छावणीत, मग पक्क्या घरांत हलवलं. ते तेव्हापासून एकच मागतायत, आमच्या जुन्या जागी परत जाऊ द्या.

त्या जुन्या जागांवर आता दुसरी योजना आहे. गॅलेथिया खाडीत कंटेनर बंदर, शेजारी नागरी-लष्करी विमानतळ, ४५० एमव्हीएचं गॅस आणि सौर वीज केंद्र, आणि एक नवं शहर. जागा लागणार १६६ चौरस किलोमीटर, त्यातलं १३० जंगल. खर्चाचा पहिला अंदाज ७२ हजार कोटी, नंतरचा ८१ हजार कोटी. सध्या सुमारे आठ हजार लोकसंख्या असलेल्या बेटावर तीस वर्षांत साडेतीन लाख लोक राहतील असा आराखडा आहे. म्हणजे संपूर्ण अंदमान-निकोबारची आजची लोकसंख्या एका बेटावर.

सरकारचा युक्तिवाद पोकळ नाही. भारताचा जो माल मोठ्या जहाजातून छोट्या जहाजात बदलावा लागतो, त्यातला सुमारे तीन चतुर्थांश कोलंबो, सिंगापूर, क्लांग अशा परदेशी बंदरांत बदलला जातो. ते भाडं बाहेर जातं. ग्रेट निकोबार मुख्य जलमार्गाला जवळपास चिकटून आहे, नैसर्गिक खोली आहे. शिवाय बंदर, धावपट्टी, इंधनाचे साठे असले की नौदलाला तिथं कायम राहता येतं. पण केरळात विळिंजमचं खोल बंदर मे २०२५ मध्ये सुरू झालंय, पालघरमध्ये वाढवण उभं राहतंय. माल तयार होतो तिथून हजारभर किलोमीटरवर, मागे कारखाना नाही की बाजार नाही, अशा ठिकाणी व्यापारी बंदर चालेल का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. लष्करी गरज आणि नवं शहर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीच्या नावावर दुसरी मंजूर होतेय हा आक्षेप गंभीरपणे घ्यावा असाच आहे. टेहळणीला साडेतीन लाख लोक लागत नाहीत.

दुसऱ्या बाजूच्या खात्यात सरकारनंच संसदेत दिलेला आकडा आहे, ९ लाख ६४ हजार झाडं. त्याच्या बदल्यात लागवड होणार हरियाणात. विषुववृत्तीय जंगलाच्या बदल्यात हरियाणा, हे वाचून कोणीही एकदा थबकेल. गॅलेथियाची वाळू ही लेदरबॅक या जगातल्या सर्वांत मोठ्या समुद्री कासवाची अंडी घालण्याची जागा आहे. तिथं अभयारण्य होतं, जानेवारी २०२१ मध्ये त्याचा दर्जा काढला गेला. कासवांसाठी वेगळी तजवीज केली जाईल असं सरकारचं म्हणणं आहे. आणि हे सगळं त्याच भूकंपपट्ट्यावर, जिथं वीस वर्षांपूर्वी जमीन एका सकाळीत सव्वाचार मीटर खाली गेली.

ऑगस्ट २०२२ मध्ये निकोबारींच्या आदिवासी परिषदेनं प्रकल्पाला ना हरकत पत्र दिलं होतं. नोव्हेंबरमध्ये, पर्यावरण मंजुरी आली त्याच महिन्यात, त्यांनी ते मागे घेतलं. आपल्या वडिलोपार्जित गावांची जमीन यात जातेय हे आम्हाला नीट सांगितलंच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. वनहक्क कायद्याची प्रक्रिया पूर्ण झाली असा प्रशासनाचा दावा आहे, तो खोटा असल्याचं सांगणारी याचिका कोलकाता उच्च न्यायालयात गेली. परिषद निकोबारींची आहे. जंगलात राहणाऱ्या आणि बाहेरच्यांपासून लांबच राहणाऱ्या शोम्पेनांची संमती कशी घ्यायची, याचं उत्तर दोन्हीकडच्या कागदांत सापडत नाही.